रूळ संपले की बोट

काशी-रामेश्वर केलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ. त्यांतले जे १९६४ पूर्वी गेले, त्यांनी धनुष्कोडीला समुद्रस्नान केले तेव्हा तिथे आगगाडी उभी असे आणि बोटही. रामेश्वरच्या बेटाचे हे आग्नेय टोक, दोन्ही बाजूंना समुद्र असलेली वाळूची चिंचोळी जीभ. एवढ्या पुढे रूळ नेले ते मुख्यतः सिलोनच्या बोटीसाठी.

आधी मद्रासची ‘बोट मेल’ तुतिकोरिनला जाई आणि पुढे कोलंबोपर्यंत रात्रभर समुद्र. १९१४ साली पांबनचा पूल झाला, गाडी बेटावर आली, आणि बोटीचा प्रवास उरला तलैमन्नारपर्यंतचा, जेमतेम पस्तीस किलोमीटर. पलीकडच्या धक्क्यावर कोलंबोची गाडी. तिकीट एकच. मग डबेच बोटीवर का चढवू नयेत? तर इकडे मीटरगेज, तिकडे ब्रॉडगेज! म्हणून माणसे, ट्रंका, टपालाच्या थैल्या, सारे उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे.

या वाटेने साहेब गेले, व्यापारी गेले, तसेच चहाच्या मळ्यांवर निघालेले तमिळ मजूरही गेले. मजुरांना मात्र आधी मंडपमच्या छावणीत थांबावे लागे; रोगराई सिलोनात जाऊ नये म्हणून. एका धक्क्यावरच्या दोन तऱ्हा म्हणायच्या.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून सुटलेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ पोचली असताना लाटेखाली गेली. शंभराहून अधिक माणसे होती. एकही वाचले नाही. गावही गेले. पांबन पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले होते. पुढे कोकण रेल्वे बांधणारे ई. श्रीधरन तेव्हा तरुण इंजिनिअर होते. त्यांनी तो पूल ४६ दिवसांत उभा केला. धनुष्कोडीचे रूळ मात्र पुन्हा पडले नाहीत. सरकारने ती जागा राहण्यास अयोग्य ठरवली. रामेश्वरला देऊळ होते, यात्रेकरू होते. धनुष्कोडीच्या बाजूने बोलणारे गावच उरले नव्हते.

बोट मग रामेश्वरहून सुटू लागली. १९८० च्या दशकात श्रीलंकेतला संघर्ष पेटला आणि तीही थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला बोट सुरू झाली, पण ती वाट वेगळी.

चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला लोक अजून ‘बोट मेल’च म्हणतात. जुना पांबन पूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर बेटावर गाडी जात नव्हती. ६ एप्रिल २०२५ ला नवा पूल सुरू झाला आणि ती पुन्हा रामेश्वरपर्यंत जाऊ लागली.