लाईट गेली... आणि अख्खं बेट नाचलं!

मे महिना. हळदीची रात्र. पहूर पेठेतल्या एका गल्लीत डीजे लागलेला. अहिराणी गाणी झाली, 'झिंगाट' झालं आणि मग कुणीतरी 'देस्पासितो'चं रिमिक्स लावायला सांगितलं. एका शब्दाचाही अर्थ कुणाला कळत नव्हता, पण नाचत सगळेच होते. तेवढ्यात गल्लीतली लाईट गेली. डीजे जनरेटरवर होता, त्यामुळे गाणं काही थांबलं नाही. बऱ्याच जणांच्या तर लक्षातही आलं नाही.

नवरदेवाचे मामा मात्र साडेअकरालाच बाजूला झाले. रुमालाने घाम पुसत म्हणाले, "चालू द्या भो तुमचं. या आठवड्यात आपल्याकडे रात्रीची लाईट आहे. केळीला पाणी द्यायचंय." बॅटरी खिशात घातली, गाडीला किक मारली आणि गेले शेतात.

तुमच्याही घरी असे एक मामा, काका किंवा बाबा असतीलच. शेतीपंपाला थ्री फेज वीज मिळते ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की साप-विंचवाची भीती घेऊन अंधारात ठिबकचे कॉक फिरवायचे. आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय, की यावर कुणी गाणं करेल असं डोक्यातही येत नाही. त्यात नाचायचं गाणं? छे!

पण असं गाणं आहे. आणि ज्या बेटावरून 'देस्पासितो' आलं, त्याच बेटावरून तेही आलंय.

बेट आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान

बेटाचं नाव प्युर्टो रिको. कॅरिबियन समुद्रातलं. लोकसंख्या सुमारे 32 लाख. आपल्या जळगाव जिल्ह्याची 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या 42 लाखांवर होती, म्हणजे माणसं आपल्याहून कमीच. बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही.

2017च्या जानेवारीत लुइस फोन्सी आणि डॅडी यांकी या तिथल्या दोघांचं 'देस्पासितो' आलं आणि जगभर वाजलं. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला मारिया नावाचं चक्रीवादळ बेटावर धडकलं. विजेचे खांब, तारा, सगळं आडवं झालं. पूर्ण बेट अंधारात गेलं. शेवटच्या काही घरांत लाईट यायला जवळपास अकरा महिने लागले. सरकारने आधी मृतांचा आकडा 64 सांगितला. वर्षभराने तोच आकडा 2,975 असल्याचं मान्य करावं लागलं. वादळात गेले ते तर यात आहेतच. नंतरच्या महिन्यांत वीज, औषधं, दवाखाना न मिळाल्याने गेलेली माणसंही यात आहेत.

म्हणजे जग त्या बेटाच्या गाण्यावर नाचत होतं आणि बेट मात्र मेणबत्त्या लावून बसलं होतं.

सुपरमार्केटमधला पोऱ्या

या बेटावरच्या वेगा बाहा गावचा एक पोऱ्या, बेनितो मार्तिनेस ओकासियो. जन्म 1994चा. कॉलेजात ऑडिओव्हिज्युअल कम्युनिकेशन शिकायचा, सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरायचा आणि उरलेल्या वेळात गाणी करून इंटरनेटवर टाकायचा. आज जग त्याला बॅड बनी म्हणून ओळखतं. 2020, 2021 आणि 2022 अशी सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला कलाकार तोच होता. आणि तो गातो स्पॅनिशमध्येच. जगाला कळावं म्हणून त्याने भाषा बदलली नाही.

मे 2022 मध्ये त्याच्या अल्बममध्ये एक गाणं आलं, 'एल आपागोन'. अर्थ अगदी सरळ: लाईट जाणं. सुरुवातीला ढोलासारखा ठेका आहे, मग तो वेग घेतो आणि पाय आपोआप हलायला लागतात. शब्दांत बेटाचं कौतुक आहे, पण शिवी घालून केलेलं कौतुक! आपल्याकडे जवळच्या मित्राला हाक मारताना करतो ना, तसं. त्या कौतुकातच सारख्या जाणाऱ्या लाईटीची गोष्ट येते. शेवटाकडे ठेका थांबतो आणि एका बाईचा शांत आवाज येतो. हे गाव आमचं आहे, इथून आम्ही का निघायचं, असा त्याचा सूर आहे.

निघायचा प्रश्न कुठून आला? बाहेरच्या श्रीमंतांनी बेटावर राहायला यावं म्हणून तिथल्या सरकारने त्यांना करात मोठ्या सवलती दिल्या. पैसेवाले आले, जागा घ्यायला लागले, भाडी वाढली आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना घर सोडायची वेळ आली. वीज वितरणही जून 2021 पासून लुमा नावाच्या खासगी कंपनीकडे गेलं होतं. तरी लाईट जायची थांबली नाही.

आता गंमत बघा. सप्टेंबर 2022 मध्ये या गाण्याचा व्हिडिओ आला. लोकांनी नाचायला म्हणून लावला. काही मिनिटांत गाणं संपलं आणि सुरू झाली चक्क बातमी! बियांका ग्राउलाऊ या पत्रकार मुलीने लोकांच्या घरी जाऊन, कॅमेऱ्यासमोर त्यांना बोलतं करून केलेला रिपोर्ट. व्हिडिओ वीस मिनिटांहून मोठा, आणि त्यातला बराचसा भाग हाच. पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्यासारखीला तर हे बघून खुर्चीवरून उठावंसं वाटलं. आम्हाला वर्गात सांगतात, तरुण बातम्या बघत नाहीत. बघतात की. त्यांच्यापर्यंत नेणारं कुणीतरी पाहिजे.

आपल्याला हे नवीन नाही

आता तुम्ही म्हणाल, तिकडे चालतं, इकडे कोण ऐकणार? थांबा. आपल्याकडे हे सत्तर वर्षांपूर्वी झालंय.

अण्णाभाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, पोटासाठी मुंबईत आलेले. 1944 मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. छक्कड म्हणजे लावणीच्याच घराण्यातला प्रकार, ढोलकीच्या ठेक्यावरचा, तमाशाच्या फडात वाजणारा. ऐकताना वाटतं, मुंबईतला कामगार गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतोय. तिचं रूप, तिचे दागिने, ताटातूट. ऐकणारे डोलत असतात, आणि शेवटी कळतं की ही ताटातूट बेळगाव-कारवारसारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचीही आहे. भाषण असतं तर लोक ऐकून घरी गेले असते. छक्कड त्यांनी तोंडपाठ केली.

अण्णाभाऊ आणि बॅड बनी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसणार. पण दोघांची रीत एकच आहे. लोक ज्यावर आधीच डोलतात तोच ठेका घ्यायचा आणि त्यात आपलं दुखणं ठेवायचं. दुःख सांगायला रडकंच गाणं लागतं असं कुठे लिहिलंय?

मग लाईट आली का?

खरं सांगायचं तर नाही. व्हिडिओ आला आणि दोनच दिवसांनी फियोना वादळाने पुन्हा अख्खं बेट अंधारात टाकलं. 2024च्या 31 डिसेंबरलाही जवळपास सगळ्या बेटाची लाईट गेली होती. गाण्याने तारा जोडल्या जात नाहीत.

पण एक झालं. ज्या बेटाचं नाव अनेकांना नकाशात सापडणार नाही, तिथली लाईट जाते हे जगभरातल्या पोरापोरींना माहीत झालं. पहूरमधल्या मलासुद्धा. आणि आपल्या मामांची रात्रीची लाईट? ती जळगाव जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत आहे?

ठेका आपल्याकडे आहे. खान्देशी बँड आहे, अहिराणी आहे, तावडी आहे. 'हाई झुमकावाली पोर'ला यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज आहेत, म्हणजे आपली बोली जगाला चालते हेही सिद्ध झालंय. झुमक्यावर गाणी व्हायलाच हवीत, त्यात काही वाईट नाही. फक्त त्याच ठेक्यावर एखादं गाणं कापसाच्या भावावर, एखादं मुलगी मिळत नाही म्हणून बसलेल्या शेतकरी पोरावर, एखादं साडेअकराला निघणाऱ्या मामांवर असायला काय हरकत आहे?

तुमच्यात कुणी गाणं करतं, कुणी मोबाइलवर बीट बनवतं, कुणी नुसतं लिहितं. पुढच्या हळदीत मामा निघाले की एकदा त्यांच्या गाडीवर मागे बसून शेतात जा. अंधारात मोटर चालू होईपर्यंत ते काय काय बोलतात, ते ऐका. घरी आल्यावर लिहून काढा.

नाचायला परत यायला उशीर होईल, पण चालेल. डीजे तसाही जनरेटरवर आहे.