पुढून बसलेली गाडी आणि घासणारा टायर

श्रोते हो, खेड तालुक्यातल्या एखाद्या गावाहून कांदा भरून चाकणच्या बाजाराला निघालेली पिकअप गाडी आपण नेहमीच पाहतो. गतिरोधक येतो, चालक ब्रेक दाबतो, गाडीचे नाक खाली जाते आणि पुढच्या चाकाशी ‘खर्र’ असा आवाज होतो. “मडगार्डाला लागतोय थोडासा, चालायचंच,” असे म्हणून गडी पुढे निघतो.

हे चालायचे नव्हे, बरे का. घासून घासून टायरचे रबर जाते आणि आतले धागे उघडे पडतात. टायर आतल्या अंगाला घासत असेल तर धोका आणखी मोठा. तिथेच जवळ ब्रेकच्या तेलाची रबरी नळी असते. ती झिजून फुटली तर पुढच्या उतारावर काय होईल, हे सांगायला नको.

आपला हा पट्टाच मुळी गाड्यांचा. टाटांनी पिंपरीत बस्तान बसवले ते १९६६ साली. ‘छोटा हत्ती’ म्हणून गावोगाव ओळखली जाणारी त्यांची गाडी २००५ मध्ये याच भागातून बाहेर पडली. महिंद्रांचा कारखाना २०१० मध्ये चाकणजवळ निघोज्याला सुरू झाला. गाडी कारखान्यात बनते खरी, पण तिचे दुखणे निघते ते फाट्यावरच्या गॅरेजात. तिथे पुष्कळदा एकच औषध मिळते : “बोल्ट कसून पुढून उचलून देतो.”

हा बोल्ट कसला, ते आधी पाहू. सगळ्याच गाड्यांना तो नसतो. छोट्या हत्तीला पुढे पाटे आहेत, काही गाड्यांना गुंडाळीची स्प्रिंग असते. पण काही पिकअप गाड्यांत पुढच्या चाकाच्या हातापासून मागे, चासीच्या कडेने, पोलादाची एक लांब कांब गेलेली असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. आपण तिला पिळाची कांब म्हणू. चाक खड्ड्यातून वर उचलले की कांबेला पीळ बसतो, आणि पीळ सुटताना चाक पुन्हा खाली येते. जुन्या अँबॅसडर मोटारीच्या पुढच्या चाकांनाही अशाच कांबा होत्या.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सहज दाखवता येईल. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून घ्या. तिचे एक टोक एका काठीला व दुसरे एका फूटपट्टीला मधोमध घट्ट बांधा. काठी एका मुलाला पक्की धरायला सांगा. पट्टी ताणून फूटपट्टी फिरवा आणि सोडा. ती उलटी फिरेल. हे झाले गाडीचे चाक. आता त्या मुलाला काठी जराशी फिरवू द्या. फूटपट्टी नव्या जागी जाऊन थांबेल. गॅरेजातला बोल्ट एवढेच करतो. कांब त्याने दणकट होत नाही, तिची उभी राहायची जागा तेवढी बदलते. म्हणून “बोल्ट कसला, आता दोन गोण्या जादा टाका,” हा सल्ला साफ चुकीचा आहे.

तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी टायर कुठे घासतो ते शोधावे. टायरच्या कडेला खडू लावावा, रिकाम्या मैदानात गाडी सावकाश चालवावी आणि खडू कुठे उमटला ते पाहावे. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासत असेल, तर बहुधा टायर किंवा रिम मूळ मापाची नाही. अशा वेळी गाडी उचलून फारसा उपयोग नाही, मूळ मापाचे टायर घालावेत. खड्ड्यात घासत असेल, तर चाकाच्या हाताखालचे रबरी ठोकळे गळून पडले आहेत का, बुश झिजले आहेत का, हे पाहावे. हे सर्व ठीक असून गाडी खरोखरच बसली असेल, तरच बोल्टाकडे वळावे.

बसली आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. रिकामी गाडी सपाट जागी उभी करावी, नाक दोनचार वेळा दाबून सोडावे, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजले तर झिजलेला टायर किंवा कमी हवा फसवते. किती अंतर हवे, ते गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात असते.

यापुढचे काम जाणत्या मिस्त्रीचे. कांबेत साठलेला जोर हाड मोडण्याइतका असतो. आधी मागच्या चाकांना उटी लावावी. मग गाडी उचलून चासीखाली भक्कम घोड्या द्याव्यात, नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाके लोंबती ठेवूनच बोल्ट फिरवावा. त्याची मूळ जागा रंगाने खुणावून ठेवावी. अर्धा फेरा द्यावा, गाडी उतरवावी, थोडी मागेपुढे न्यावी आणि पुन्हा मोजावे. हे पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि नेमका इथेच कंटाळा केला जातो. कांब काढायचीच वेळ आली, तर डावी-उजवी यांची अदलाबदल करू नये. तिच्यावर छिन्नी-हातोडा चालवू नये. लहानशा ओरखड्यापासूनही तडा सुरू होतो.

आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याची गाडी मिस्त्रीने एका दमात चांगली चार बोटे उचलून दिली. घासणे थांबले, पण चाकाला खाली जायला जागा उरली नाही. प्रत्येक खड्ड्यात गाडी हाडे खिळखिळी करू लागली आणि नवे टायर एका कडेने झिजून गेले. उंची बदलली की चाकाचा कल आणि रोख दोन्ही बदलतात, म्हणून नंतर अलाइनमेंट करून घ्यावेच लागते. पुढच्या दिव्यांचा झोतही वर जातो. तो खाली आणला नाही, तर शिक्रापूर रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात.