मोटारीचा रंग आणि घरचे फडके

मोटार ही आता केवळ धनिकांच्या अंगणात उभी राहणारी वस्तू उरलेली नाही. खेड्यापाड्यांतील कित्येक कुटुंबांनी काटकसर करून, तर काहींनी बँकेचे हप्ते पत्करून ती दारी आणली आहे. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, रविवारची मिस्सा ह्या सर्वांसाठी ती उपयोगी पडते. अशा कष्टाने मिळविलेल्या वस्तूची घरची माणसे प्रेमाने निगा राखतात, हे योग्यच होय. परंतु ह्या निगेचीच एक रीत मोटारीच्या रंगास मारक ठरते. ती म्हणजे रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणे.

हे कसे घडते ते समजण्यासाठी प्रथम रंगाची रचना पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर अस्तर, त्यावर मुख्य रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप असे थर असतात. हा लेप सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो; माणसाचा केससुद्धा बहुधा ह्याहून जाड भरेल. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यास गाडीचा रंग लागत असे. आता तसा लागत नाही, म्हणून काही झिजले नाही असा आपला समज होतो. वस्तुतः रंगहीन लेप झिजत असतो, आणि एकदा गेलेला लेप पुन्हा भरून येत नाही.

रस्त्यावरच्या धुळीत मातीबरोबर गारेचे सूक्ष्म कण असतात. गार पोलादी चाकूलाही ओरखडा काढते, मग ह्या नाजूक लेपाची काय कथा! कोरड्या फडक्याखाली हे कण फरफटत जातात आणि असंख्य बारीक चरे उमटवितात. सावलीत ते दिसत नाहीत. पण ऊन पडले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे भासते. मुले धुळीवर बोटाने नावे लिहितात, त्यानेही हेच होते. धुळकट गाडीवर टाकलेले आच्छादन वाऱ्याने हलले, तरी परिणाम तोच.

ह्यावर उपाय सोपा आहे. पुसण्यापूर्वी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. गोवा-बेळगावकडील तांबड्या धुळीच्या दिवसांत तर ह्यात मुळीच कुचराई करू नये. नंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत गाडीसाठी मिळणाऱ्या शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मऊ मायक्रोफायबरचे फडके शॅम्पूत बुडवून छतापासून खाली धूत यावे, आणि प्रत्येक वेळी ते आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत घालावे. चाके सर्वांत शेवटी धुवावीत व त्यांचे फडके वेगळे ठेवावे. जमिनीवर पडलेले फडके धुतल्यावाचून वापरू नये. भांडी घासण्याचा साबण टाळावा; तो रंगावरील संरक्षक मेण काढून टाकतो.

दुसरे दुखणे पाण्याच्या डागांचे. ज्या गावी विहिरीचे वा बोअरवेलचे पाणी जड असते, तेथील गृहिणींना त्याची खूण ठाऊक आहे : डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर धरतो. तेच चुन्याचे क्षार मोटारीवर थेंब सुकला की मागे उरतात. म्हणून भर उन्हात किंवा बॉनेट तापलेले असताना गाडी कधीही धुऊ नये. सकाळी वा सायंकाळी सावलीत धुवावी आणि लगेच स्वच्छ फडके पसरून, हलके दाबून पाणी टिपून घ्यावे. साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी असल्यास शेवटच्या धुण्यास ते फार चांगले, कारण त्यात क्षार अगदी अल्प असतात.

ताजे डाग घालविण्यास पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळावे. धुतलेल्या, थंड पृष्ठभागावर ह्या मिश्रणात भिजविलेले फडके मिनिटभर ठेवावे आणि सुकू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. प्रथम एखाद्या कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा. रंग उडालेल्या जागी हे लावू नये. एवढे करूनही डागाच्या जागी वलय राहिले, तर लेपच खरवडला गेला आहे असे समजावे.

अशा वलयांना आणि बारीक चऱ्यांना पॉलिशचाच उपाय आहे. परंतु तो जपून योजावा. चऱ्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर चरा खोल आहे. ते काम जाणकार कारागिराचे. नख अडकले नाही तर सर्वांत सौम्य पॉलिश मऊ स्पंजावर घेऊन हातभर जागेवर हलक्या हाताने लावावे. कडांवर लेप अधिक पातळ असतो, तेथे घासू नये. टूथपेस्टने चरे जातात असे पुष्कळजण सांगतात. पण तिच्यातील घासकण गाडीसाठी बेतलेले नसतात, म्हणून तो मार्ग आम्हांस पसंत नाही. शेवटी मेणाचा हात द्यावा. त्यामुळे काही महिने पाणी थेंब होऊन सहज ओघळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. पॉलिश चरा भरीत नाही. ते भोवतालचा लेप चऱ्याच्या तळापर्यंत झिजवून पृष्ठभाग सपाट करते. प्रत्येक वेळी थोडी पुंजी खर्ची पडते. दर सणाला गाडी पॉलिश करून आणणाऱ्याची हौस आम्ही समजू शकतो, परंतु अशाने लेप अकाली संपतो आणि मग नव्याने रंग देण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. तेव्हा आठवड्यातून एकदा नीट धुवावे, आणि मधल्या दिवसांत कोरडे फडके खुंटीवरच राहू द्यावे. धुळीने माखलेली गाडी चार दिवस उभी राहिली, तर तिच्या रंगाचे काहीच बिघडत नाही.