निर्यात निर्देशांक वाचताना बंगळुरू विसरू नका

दर महिन्याच्या मध्याला केंद्रीय वाणिज्य मंत्रालय निर्यातीचे आकडे जाहीर करते आणि मथळे झळकतात: निर्यात वाढली, निर्यात घटली. रुपया, कारखान्यांतली भरती, कांद्याचा भाव या सगळ्यांवरचे अंदाज त्यावर बांधले जातात. दक्षिण कोरियात तर महिन्याच्या पहिल्या २० दिवसांचे आकडेही त्याच महिन्यात येतात आणि जगभरचे गुंतवणूकदार त्यांवर लक्ष ठेवून असतात. इतके वजन असलेला आकडा नीट वाचता आला पाहिजे.

पहिला प्रश्न: माल जास्त गेला की भाव वाढला? याचे उत्तर कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाच्या दोन निर्देशांकांत मिळते. एक भावाचा, दुसरा मालाच्या परिमाणाचा. दोन्हींसाठी एक आधारवर्ष १०० धरलेले असते.

बंगळुरूच्या गुलाबांवर हिशेब करून पाहू. व्हॅलेंटाइन डेच्या आधी केंपेगौडा विमानतळावरून गुलाबांच्या पेट्या परदेशी रवाना होतात. समजा, एका निर्यातदाराने गेल्या वर्षी १,००० जुड्या २०० रुपयांनी विकल्या. यंदा ९०० जुड्या २५० रुपयांनी. उलाढाल दोन लाखांवरून सव्वादोन लाखांवर गेली. गेले वर्ष १०० धरले, तर मूल्य ११२.५, भाव १२५ आणि परिमाण ९०. मालक खूश, पण हरितगृहात तोडणी आणि पॅकिंग करणाऱ्यांचे काम घटले. रोजगाराचा अंदाज घ्यायचा तर परिमाणाकडेच पाहावे लागते.

यात रुपयाही भर घालतो. २०१२-१३ मध्ये डॉलर सरासरी ५४ रुपयांच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये ८४ च्या वर. माल तेवढाच आणि डॉलरमधला भावही तोच राहिला, तरी रुपयांतली निर्यात फुगलेली दिसते.

दुसरा प्रश्न: घट मागणीमुळे की सरकारी निर्णयामुळे? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलार भागातला लहान, तिखट ‘बंगळुरू रोझ’ कांदा मुख्यतः परदेशातच खपतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर त्याला अटींवर सूट मिळाली. डिसेंबरमध्ये मात्र कांद्याच्या निर्यातीवर थेट बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. त्या काळातली घसरण पाहून परदेशात कांद्याला गिऱ्हाईक उरले नाही, असे म्हणणे शेतकऱ्यावर अन्यायच ठरेल.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा: आकडा फक्त मालाचा आहे की सेवांचाही? १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि इथले काम उपग्रहामार्फत अमेरिकेत जाऊ लागले. या निर्यातीला ना कंटेनर लागतो, ना बंदर. सॉफ्टवेअर कंपन्या शिपिंग बिलाऐवजी ‘सॉफ्टेक्स’ अर्ज भरतात आणि सेवांचा हिशेब रिझर्व्ह बँक ठेवते. कोलकात्याच्या मालाच्या निर्देशांकात त्यामुळे बंगळुरूची ही कमाई येतच नाही. २०१३-१४ मध्ये देशाची मालनिर्यात सुमारे ३१४ अब्ज डॉलर होती, सेवानिर्यात १५२ अब्ज. २०२४-२५ मध्ये माल ४३७ अब्जांवर पोचला, सेवा ३८७ अब्जांवर. माल जेमतेम ४० टक्क्यांनी वाढला, सेवा अडीचपट झाल्या. निम्मे चित्र झाकून देशाची तब्येत सांगता येत नाही.

चौथा प्रश्न: त्यातले आपले किती? बंगळुरूजवळ देवनहळ्ळीला फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जुळवले जातात. फोन बाहेर गेला की त्याची पूर्ण किंमत निर्यातीत धरली जाते. पण त्यातले अनेक सुटे भाग आयात केलेले असतात. निर्यातीच्या वाढीशेजारी आयातीचा आकडा ठेवल्याशिवाय खरी मिळकत समजत नाही.

नीती आयोगाचा ‘निर्यात सज्जता निर्देशांक’ ही वेगळीच गोष्ट. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत तमिळनाडू, महाराष्ट्र, कर्नाटक असा क्रम होता. त्यात धोरण, उद्योगाची परिस्थिती, निर्यातीच्या सोयी यांना गुण मिळतात. राज्य किती सज्ज आहे हे त्यातून कळते. या महिन्यात किती माल गेला, हे नव्हे.

निर्यातीचा आकडा अर्थव्यवस्थेची नाडी आहेच, पण एका ठोक्यावरून निदान होत नाही. पुढच्या महिन्याच्या मध्याला मथळा वाचाल, तेव्हा हे चार प्रश्न विचारा. उत्तरे बातमीत नसतील, तर ती मागा. सरकारी आकडे सर्वांसाठी खुले आहेत आणि ते वाचणे हा नागरिकाचा हक्कच आहे.