पोटातला ठोकळा आधी पाहा

(लेखमाला : गिटार आणि आपण, लेखांक 8)

मागच्या दोन लेखांकांत भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी पाहिल्या. त्यानंतर वाचकांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी लांबट वळणदार भोकं असलेली ती रुंद गिटार, जिला सगळे सेमी-हॉलो म्हणतात, ती आपल्या खिशाला झेपेल अशा किमतीत घ्यायची तर कोणती घ्यावी? विचारणारे बरेचसे कळवण, अभोणा, सटाणा, वणी या पट्ट्यातले आहेत. कोणी भजनी मंडळात वाजवतो, कोणी लग्नाच्या बँडमध्ये, कोणी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तयारी करतो. म्हणून उत्तर इथली वीज, इथली हवा आणि इथलं स्टेज धरूनच देतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या गिटारीच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे, यापेक्षा तिच्या पोटात काय आहे हे शंभरपट महत्त्वाचं आहे.

पोट म्हणजे काय, ते आपल्या तंबोऱ्यावरून कळेल. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा लावतात, वरची तबली तासून पातळ करतात. तिथे पोकळीच आवाज वाढवते. तार छेडली की तबली थरथरते, आतली हवा हलते आणि सूर खोलीभर पसरतो. सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारीही याच जातीच्या होत्या. गिब्सन कंपनीने 1936 मध्ये ‘ईएस-150’ आणली. ती आतून पूर्ण पोकळ होती, फक्त तारांखाली त्यांची थरथर विजेत बदलणारा एक पिकअप बसवलेला. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात आला आणि याच गिटारीवर त्याने दाखवून दिलं की गिटारवादक सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे उभा राहून वाजवू शकतो.

पण आवाज वाढवत नेला की पोकळ गिटार उलटते. स्पीकरमधून निघालेला आवाज परत गिटारीच्या तबलीवर आदळतो, तबली थरथरते, तारा थरथरतात, पिकअप ती थरथर पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. हे चक्र थांबत नाही. आपण त्याला शिट्टी म्हणतो, पोकळ गिटारीत मात्र तो बहुधा जाड घुमारा असतो आणि तारेवर हात ठेवूनही जात नाही.

लेस पॉल या अमेरिकी वादकाने 1940 च्या सुमारास यावर एक धाडसी उपाय केला. चार बाय चार इंचांची पाइनची तुळई घेतली, तिच्यावर तारा आणि पिकअप बसवले, आणि ती गिटार दिसावी म्हणून एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग कापून दोन्ही बाजूंना जोडले. घुमारा गेला. गिब्सनने ती कल्पना तेव्हा घेतली नाही. पुढे 1952 मध्ये त्यांनी लेस पॉलच्या नावाची भरीव गिटार काढली आणि 1958 मध्ये, टेड मॅकार्टी कंपनीचा प्रमुख असताना, या दोन टोकांच्या मधली ‘ईएस-335’ बाजारात आली. रुंदी 16 इंच, जाडी जेमतेम पावणेदोन इंच. दोन्ही पंख पोकळ, आणि मधोमध मानेपासून शेपटापर्यंत मेपलचा भरीव ठोकळा. ब्रिज आणि पिकअप या ठोकळ्यावर बसतात. तारांचा जोर तबलीवर न येता ठोकळ्यावर येतो, म्हणून सूर जास्त वेळ टिकतो आणि तबली आवाजाला लगेच साथ देत नाही. पंखांतल्या हवेमुळे सुराला जी ऊब येते, तीही राहते.

आज परवडणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या सेमी-हॉलो या 335 च्या वळणाच्या आहेत. खुद्द गिब्सनची 335 अमेरिकेतच तीन हजार डॉलरच्या वर जाते, तिचा विचार इथे करत नाही.

आता फसगत कुठे होते ते पाहा. एपिफोन कंपनीची ‘कसिनो’ ही 1961 पासूनची गिटार. बाहेरून 335 ची जुळी बहीण, आतून मात्र ठोकळा नाही, पूर्ण पोकळ. बीटल्सच्या तिघांनी ती वापरली, 30 जानेवारी 1969 च्या गच्चीवरच्या मैफलीत जॉन लेननच्या गळ्यात तीच होती. वाद्य उत्तम आहे, शंकाच नाही. पण आपल्याकडे लग्नाचा बँड पिकअप गाडीवर असतो. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड एकमेकांना खेटून, आणि स्पीकर वादकापासून दोन हातांवर. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या वाटेवर जो आवाज चालतो, त्यात पूर्ण पोकळ गिटार घेऊन उभं राहणं अवघड आहे. तिथे ठोकळाच हवा.

दुकानात गेल्यावर मोबाइलचा टॉर्च एका भोकातून आत मारा. मधे लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे. उजेड आरपार दुसऱ्या भोकापर्यंत गेला तर नाही. काही मॉडेलमध्ये ठोकळा फक्त ब्रिजखाली असतो, तोही असाच कळतो. नावांवरूनही अंदाज येतो. आयबानेझच्या आर्टकोर मालिकेत (ही 2002 पासून आहे) ‘एएस’ने सुरू होणाऱ्या ठोकळ्याच्या, ‘एएफ’ने सुरू होणाऱ्या पूर्ण पोकळ. ग्रेचच्या स्ट्रीमलायनरमध्ये 2622 ला ठोकळा आहे, 2420 ला नाही. फोनवरून मागवणार असाल तर हे आकडे दुकानदाराकडून लिहून घ्या. ‘सेमी-हॉलोच आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर पैसे पाठवू नका, कारण भोकं असलेल्या सगळ्याच गिटारींना सर्रास सेमी-हॉलो म्हटलं जातं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती आपल्या भागात फार मोठी आहे. एकाच गुंडाळीचा पिकअप आजूबाजूच्या वायरींमधून 50 हर्ट्झची घरघर उचलतो. मंगल कार्यालयातला जनरेटर, रोषणाईच्या माळा, जुनी ट्यूबलाइट, सगळ्यांची भर पडते. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने 1955 मध्ये यावर हंबकरचं पेटंट मागितलं. दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी, चुंबकाची दिशा उलट आणि गुंडाळण्याची दिशाही उलट. तारेचा सूर दोन्हींतून जमा होतो, घरघर एकमेकींना खोडते. कळवणला वाजवायचं तर दोन हंबकर असलेलीच गिटार घ्या, असं मी ठामपणे सांगेन. पी-90 जातीचे एकेरी पिकअप कानाला गोड लागतात, पण इथल्या वायरिंगवर ते रडवतात.

हंबकरने अर्थिंगचा दोष मात्र भरून निघत नाही, आणि इथे प्रश्न आवाजापुरता नसतो. गिटारीच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प एका बोर्डावर, माइकचा मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर बोटं तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. तो जिवावरही बेतू शकतो. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका. ॲम्प आणि मिक्सर एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर लावा. गाणं सुरू करण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि गिटारीच्या ब्रिजला लावून बघा. दिवा लागला तर तसंच वाजवायला सुरुवात करू नका, आयोजक कितीही घाई करोत.

वीज गेल्यावर या गिटारीचा एक गुण उपयोगी पडतो. भरीव गिटार ॲम्पशिवाय जवळजवळ मुकी असते. सेमी-हॉलो अकूस्टिकइतकी बोलत नाही, पण शांत खोलीत रियाज करायला तिचा आवाज पुरतो. भारनियमनात रोजचा सराव चुकत नाही. शिकणाऱ्याने सेमी-हॉलो घ्यावी असं मला वाटतं, त्यामागे हे कारण मोठं आहे.

लाकडाबद्दल पुष्कळांच्या मनात भीती असते. ‘प्लायवूड आहे’ असं ऐकलं की लोक मागे सरतात. या प्रकारात ती भीती सोडून द्या. 1958 च्या मूळ 335 चं अंगही पातळ थर चिकटवून दाबून केलेलं होतं, तोच तिचा रचनेचा भाग आहे. कळवणला मे महिना कोरडा तापतो आणि जुलैत भिंती ओल धरतात. एकसंध लाकडाची पातळ तबली अशा फेऱ्यात तडकू शकते, थरांची सहसा तडकत नाही. स्वस्त गिटारीला इथल्या हवेचा त्रास मानेवर होतो. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. म्हणून विकत घेताना हाताचा तळवा मानेच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. दुकानात एसीत टोचत नसेल तर चालेल, थोडं जरी टोचत असेल तर ती गिटार मे महिन्यात आणखी त्रास देईल.

मग पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटजवळ तार किती उचललेली आहे ते बघा. कागद जाईल एवढी फट ठीक. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2 मिलिमीटर, बारीक तार दीड मिलिमीटर उंच असेल तर वाजवणं सोपं जातं. जास्त असेल तर ती नुसती बसवणीची बाब आहे, ब्रिजचे स्क्रू फिरवून कमी करता येते. मान पिळलेली असेल तर मात्र उठून दुसरी गिटार मागा.

दुरुस्तीचं आधी ठाऊक असावं. भरीव गिटारीचं मागचं किंवा वरचं झाकण उघडून कोणीही रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर जॅक बदलून देतो. या गिटारीला बहुधा मागे झाकण नसतं. जॅक, पॉट, स्विच सगळं भोकातून बाहेर काढायचं आणि दोरा बांधून पुन्हा जागेवर ओढून आणायचं. एक ढिला जॅक तासांचं काम करून ठेवतो, आणि त्यासाठी नाशिकपर्यंत, म्हणजे 70-80 किलोमीटर, जावं लागू शकतं. जॅकचा नट महिन्यातून एकदा हाताने बघत जा, सैल वाटला तर जॅकची दांडी आतून धरून पाना फिरवा. नुसता नट आवळला तर जॅक आतल्या आत फिरतो आणि वायर तुटते.

किमती. आयबानेझची एएस53 आणि स्क्वायरची अफिनिटी स्टारकास्टर साधारण 30 ते 40 हजारांच्या टप्प्यात मिळतात. एएस73 त्यांच्या थोडी पुढे, ग्रेच 2622 आणि एपिफोनची 335 त्याहून वर. दर बदलत राहतात, म्हणून मुंबई-नाशिकच्या दोन दुकानांत तरी विचारा. माझी पसंती सांगायची तर पहिल्या सेमी-हॉलोसाठी एएस73. मान जोडून चिकटवलेली आहे, दोन हंबकर आहेत, तार छोट्या मापाची असल्यामुळे बोटांना सैल लागते. ज्याला फेंडरसारखी लांब मापाची मान सवयीची आहे, त्याने स्टारकास्टर हातात घ्यावी. जुन्या बाजारात एपिफोनची ‘डॉट’ मिळते. ती आता बनत नाही, पण सांभाळलेली डॉट नव्या स्वस्त गिटारीपेक्षा मी आनंदाने घेईन. फक्त हेडस्टॉकच्या मागे, तारांच्या नटच्या खाली, बारीक आडवी रेघ आहे का ते उजेडात बघा. या जातीच्या गिटारींचं डोकं मागे कललेलं असतं आणि पडल्यावर तिथेच तुटतं. नीट चिकटवलेलं चालतं, पण किंमत त्या हिशोबाने उतरली पाहिजे.

15-20 हजारांतली अनोळखी नावाची सेमी-हॉलो घेऊ नये असं मी म्हणेन. एवढ्याच पैशांत हंबकरची चांगली भरीव गिटार मिळते, ती घ्यावी आणि वर्षभर थांबावं. बजेट ठरवताना पाचेक हजार केस आणि बसवणीसाठी बाजूला ठेवा. 16 इंची अंग साध्या इलेक्ट्रिकच्या पिशवीत मावत नाही, आणि एसटीच्या टपावर किंवा मोटरसायकलवर पातळ पिशवीतून ही गिटार नेणं म्हणजे तिच्या मानेशी खेळणं आहे.

ही सगळी बाहेरच्यांची गोष्ट आहे, असं कोणी समजू नये. गोव्याच्या कुळातला अमान्सिओ डिसिल्वा 1936 मध्ये मुंबईत जन्मला. पुढे लंडनला जाऊन 1969 मध्ये त्याने ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ हे दोन अल्बम केले. जॅझची गिटार आणि आपल्याकडचे राग त्यात एकाच हातातून येतात. सेमी-हॉलो घेणाऱ्याने ते ऐकावेत, अमेरिकी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगही ऐकावा. घुमारा रोखण्यासाठी किंग आपल्या गिटारीच्या भोकांत कापड कोंबायचा, आणि पुढे गिब्सनने 1980 मध्ये त्याच्या नावाची गिटार काढली ती भोकं न ठेवताच. आपणही गाडीवर वाजवताना आवाज हाताबाहेर गेला, तर भोकांत मऊ फडकं कोंबून बघायला हरकत नाही. आतल्या वायरीला धक्का लागणार नाही एवढं सांभाळा, आणि कार्यक्रम संपला की काढून घ्या, पावसाळ्यात ते ओल धरतं.