चारचौघांच्या डोळ्यांतली किंमत

इप्सॉस या पाहणी संस्थेने २०१३ साली वीस देशांतल्या लोकांपुढे एक विधान ठेवले. माझ्याकडे कोणत्या वस्तू आहेत त्यावरून मी माझे यश मोजतो, अशा अर्थाचे. त्याला होकार देणारे सर्वाधिक निघाले चीनमध्ये, ७१ टक्के. दुसरा नंबर आपला, ५८ टक्के. अमेरिकेत हे प्रमाण २१ होते आणि स्वीडनमध्ये अवघे ७. पाहणी इंटरनेटवरून झालेली, त्यामुळे तिच्यात उतरलेला भारत बहुतांशी शहरी आणि शिकलेला असणार, हे खरे. पण पश्चिम भोगवादी आणि आपण साध्या राहणीचे, हे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून घोकलेले वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. तसे ते आधीही टिकले नव्हते. गुलिझ गेर आणि रसेल बेल्क यांनी १९९६ मध्ये बारा देशांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा वस्तूंच्या हव्यासात अमेरिकेच्याही वर नाव आले ते रुमानियाचे, चाउशेस्कूची साम्यवादी राजवट जेमतेम काही वर्षांपूर्वी कोसळलेल्या देशाचे. वस्तुलोभ ही पश्चिमेची मक्तेदारी नाही आणि श्रीमंतीशीही त्याचे थेट नाते नाही, असे या दोघांनी लिहून ठेवले आहे.

हा हव्यास मोजण्यासाठी संशोधक सर्वांत जास्त वापरतात ती प्रश्नावली मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांची, १९९२ सालची. तिच्यात अठरा विधाने आहेत. वस्तू ही यशाची खूण वाटते का, रोजच्या जगण्यात वस्तूंना किती जागा आहे आणि आणखी काही मिळाले तर आपण सुखी होऊ असे वाटते का, या तीन अंगांनी ती माणसाला चाचपते. हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा अभ्यासांतले २५९ नमुने एकत्र करून पाहिले. हव्यास जितका जास्त, तितके समाधान आणि स्वतःबद्दलचे बरे मत कमी, असे चित्र निघाले. हे नाते फार घट्ट नाही, पण पुन्हा पुन्हा दिसते.

यात आधी काय येते? वस्तूंच्या मागे लागल्याने माणूस आतून पोकळ होतो, की पोकळी आधीच असते आणि ती भरायला तो दुकानात जातो? लॅन चॅप्लिन आणि डेबोरा रॉडर जॉन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकी मुलांवरचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. ‘मला कशाने आनंद होतो’ या विषयावर मुलांनी चित्रांचे आणि शब्दांचे कोलाज करायचे होते. छंद, माणसे, खेळ, यश आणि वस्तू असे सगळे पर्याय समोर होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या मानाने बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या कोलाजांत वस्तूंची गर्दी बरीच वाढलेली दिसली आणि सोळा-अठरापर्यंत ती पुन्हा ओसरली. स्वतःबद्दलचे मत नेमके त्याच वयात खाली जाऊन मग वर येत होते. मग दुसऱ्या टप्प्यात काही मुलांच्या हातात कागदी प्लेट देण्यात आली, तिच्यावर सोबतच्या मुलांनी त्यांच्याबद्दल लिहिलेले चार चांगले शब्द होते. ती वाचून केलेल्या कोलाजांत वस्तू इतक्या कमी झाल्या की वयांमधला फरक जवळपास पुसला गेला. मला हा प्रयोग या विषयातल्या जाडजूड सिद्धांतांपेक्षा जास्त पटतो. मुलांना मिळाले होते फक्त बरोबरीच्यांचे चार शब्द. चीनमधल्या किशोरवयीनांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बरोबरीच्या मुलांनी झिडकारलेली मुले वस्तूंकडे जास्त झुकलेली आढळली. म्हणजे तेराव्या वर्षीची जखम अमेरिकेत काय आणि चीनमध्ये काय, सारखीच.

मोठेपणी मात्र वाटा फुटतात. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये मांडले की अमेरिकेत ‘मी’ ही चारी बाजूंनी कुंपण घातलेली जागा असते, तर जपानसारख्या समाजात तोच ‘मी’ नात्यांनी घडतो आणि नात्यांनीच मोडतो. एड आणि मारिसा डीनर या बापलेकीने १९९५ मध्ये एकतीस देशांतल्या तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. स्वतःबद्दलचे मत आणि आयुष्याबद्दलचे समाधान यांची सांगड व्यक्तिकेंद्री देशांत घट्ट होती, समूहकेंद्री देशांत सैल. आपल्याकडे माणूस स्वतःवर खूश असूनही घरात भांडण चालू असेल तर सुखी नसतो, हे सांगायला खरे तर संशोधक लागू नये.

भारताला सरळ समूहकेंद्री म्हणणेही घाईचे होईल. गीर्ट हॉफस्टेड यांच्या गाजलेल्या मापनात व्यक्तिवादाचे गुण अमेरिकेला ९१, चीनला २० आणि भारताला ४८ होते. अर्थात अमेरिकेचे आणि भारताचे हे गुण मुळात आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांना १९६७ ते १९७३ या काळात विचारलेल्या प्रश्नांवरून काढलेले. त्यांच्यावरून चंदगड किंवा चिपळूण कसे कळणार!

समूहात वस्तू कुणासाठी घेतली जाते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मानसशास्त्राने नव्हे, अर्थशास्त्राने दिले आहे. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनाल्दे देसाई यांनी २००४ मध्ये कर्नाटकातल्या कुंभार समाजातल्या लग्नखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्ज काढून मोठे लग्न का करतात, हा त्यांचा प्रश्न. जावई गावातलाच असेल तर त्याचे घराणे सगळ्यांना ठाऊक असते, वेगळे सांगावे लागत नाही. परगावचा चांगला जावई मिळाला तर मात्र गावाला ते कळणार कसे? मांडवाच्या आकारावरून. स्थळ जितके चांगले तितका परगावच्या लग्नाचा खर्च वाढतो, असे त्यांना दिसले. असा खर्च करणाऱ्या मुलीच्या बापाला हव्यासी म्हणावे का? अठरा विधानांच्या त्या प्रश्नावलीत तो कदाचित काटकसरीही ठरेल. नॅन्सी वाँग आणि अॅरन अहुविया यांनी १९९८ मध्ये पूर्व आशियातल्या महागड्या वस्तूंबद्दल हेच म्हटले होते. घड्याळ मनगटावर एकाच्या असते, पण लाज किंवा मान राखला जातो तो सगळ्या घराचा.

आणि मोजपट्टीतही गडबड आहे. प्रश्नावलीत काही विधाने मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. वाँग, रिंडफ्लाइश आणि बरोज यांनी २००३ मध्ये दाखवले की अमेरिकेत नीट चालणारी ही विधाने सिंगापूर, थायलंड, जपान आणि कोरियात गोंधळ उडवतात. सरळ विधानाला होकार देणारा माणूस उलट्यालाही होकार देऊन मोकळा होतो. रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मानाच्या दहा विधानांतही उलट्या विधानांचा अर्थ देशागणिक वेगळा लागतो, हे ५३ देशांच्या तुलनेत २००५ मध्ये दिसून आले. दोन्ही पट्ट्या अमेरिकेत आखलेल्या आहेत, हे विसरून केलेल्या पूर्व-पश्चिम तुलनांवर माझा फारसा विश्वास नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो तो बरोज आणि रिंडफ्लाइश यांचा २००२ सालचा निष्कर्ष. त्यांनी अमेरिकेच्या आतच पाहिले. कुटुंब, धर्म, समाज यांना मोठी किंमत देणारी माणसे जेव्हा वस्तूंच्याही मागे लागतात, तेव्हा सर्वांत जास्त ताण त्यांनाच येतो. ज्यांना कुटुंबाचे फारसे काही वाटत नाही, त्यांना हव्यास तेवढा जाचत नाही. हे खरे असेल तर गृहकर्जाचा हप्ता, आईचे औषधपाणी आणि भावकीतला मान एकाच पगारात बसवणाऱ्या माणसाला या हव्यासाची किंमत एकट्या राहणाऱ्या माणसापेक्षा जास्त मोजावी लागत असणार.

मराठीत या विषयावर काम करू पाहणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच त्या अठरा विधानांचे भाषांतर करून थांबू नये. आहेराचा आकडा कुणाला कळणार नसेल तर तुम्ही किती द्याल? रुखवतात काय मांडायचे हे घरात कोण ठरवते? नवी गाडी घेतल्यावर पहिला फोटो कुठल्या ग्रुपवर जातो? असे प्रश्न तयार करा, आणि एकाच घरातल्या दोघांना ते वेगवेगळे बसवून विचारा.