वाकवलेल्या पाइपचे कॅड मॉडेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाकवलेल्या पाइपचे मॉडेल तीन गोष्टींवर उभे राहते: पाइपची मध्यरेषा, आडवा छेद आणि बेंडची त्रिज्या. वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावात फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॅक्टरच्या छताची चौकट वाकवायची असली, तरी हिशेब हाच असतो. नवशिक्याचे मॉडेल फसते ते पुढील गैरसमजांमुळे.

गैरसमज: पाइपच्या बाहेरच्या कडा काढून आकार द्यायचा.
वस्तुस्थिती: आधी फक्त मध्यरेषा काढायची. सरळ रेषा जोडून कोपऱ्यांना फिलेट म्हणजे गोलाई द्यायची. फिलेटची त्रिज्या हीच बेंडची मध्यरेषेवरील त्रिज्या. मग रेषेच्या टोकाशी, तिला काटकोनात असलेल्या प्रतलावर दोन समकेंद्री वर्तुळे काढून त्यांना मध्यरेषेवरून फिरवायचे, म्हणजेच स्वीप करायचे. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरच्या पार्ट डिझाइनमध्ये या कामाला ‘ॲडिटिव्ह पाइप’ ही आज्ञा आहे.

गैरसमज: २५ मिमीचा पाइप म्हणजे बाहेरून २५ मिमी.
वस्तुस्थिती: आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार २५ मिमी नॉमिनल बोअरच्या (नावापुरत्या आतल्या व्यासाच्या) पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिमी असतो. ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते. मॉडेलमध्ये आकडे भरण्याआधी प्रत्यक्ष पाइपला व्हर्नियर लावावा.

गैरसमज: त्रिज्या हवी तेवढी छोटी ठेवता येते.
वस्तुस्थिती: त्रिज्या ठरवते ती दुकानातली डाय, म्हणजे पाइप वाकवायचा साचा. फार आवळून वाकवले की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, पाइप चपटतो आणि बाहेरची भिंत पातळ होते. शिवाय दोन बेंडमध्ये पकड बसेल एवढा सरळ भाग लागतो. म्हणून डाय आधी मोजावी, मॉडेल नंतर काढावे.

गैरसमज: कापायची लांबी म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज.
वस्तुस्थिती: समजा, ३०० आणि ४०० मिमीच्या दोन बाजू ९० अंशांत मिळतात, माप रेषा जिथे छेदतात तिथपर्यंतचे आहे आणि त्रिज्या ७५ मिमी. सरळ भाग उरतात २२५ आणि ३२५. कंसाची लांबी ७५ × १.५७ म्हणजे ११७.८. एकूण ६६७.८ मिमी, ७०० नव्हे. मध्यरेषेची लांबी सॉफ्टवेअरमध्येच मोजता येते.

गैरसमज: आतला कोन १३५ अंश असेल, तर १३५ अंश वाकवायचे.
वस्तुस्थिती: पाइप सरळ असताना कोन १८० अंश असतो, तो १३५ वर आणायला ४५ अंशच वाकवावा लागतो. दाब सुटताच पाइप थोडा मागे उसळतो, त्यामुळे यंत्रावर किंचित जास्त वाकवावे लागते. ही गोष्ट मॉडेल सांगत नाही.

म्हणून पूर्ण लांबीचा पाइप कापण्याआधी त्याच पाइपच्या तुकड्यावर एक बेंड करून पाहावा, त्रिज्या आणि कोन मोजावेत आणि तेच आकडे मॉडेलमध्ये भरावेत.